‘कम्युनिकेशन’ शिकून करणार काय? बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सोलापुरात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, घरी तेलुगू, वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर. ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन असा विषय असतो हे कुठंतरी वाचलं आणि आवडलं. पण तो शिकवतात कुठं, इंग्रजी यथातथाच आहे ते चालेल का, एमबीए करू की मास कॉम, पुण्याला जावंच लागेल का, आणि वडील म्हणतात की बोलायला शिकायला दोन वर्षं कशाला घालवायची. शेवटी लॅपटॉप लागतो का तेही विचारलंय.

मी बावीस वर्षं हेच काम करतेय. आधी इथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते, मग पुण्यात एका कंपनीचं इंटर्नल कम्युनिकेशन, म्हणजे कंपनीचं आपल्याच माणसांशी बोलणं, ते बघितलं, आता परत सोलापुरात येऊन थोडं कन्सल्टिंग आणि थोडी गेस्ट लेक्चरं. तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

वडिलांचा प्रश्न आधी घेते कारण तोच सगळ्यात चांगला आहे. त्यांना सांग की बोलायला शिकायचंच नाहीये. पगारावर दहा-वीस माणसं एकत्र आली की कुणाला काय कळतं, कुणाला कळतच नाही, कळूनही कोण गप्प बसतं आणि का बसतं, कागद कुठल्या टेबलावर जाऊन झोपतो, ह्या सगळ्याचा अभ्यास म्हणजे हा विषय. आणि खरं सांगू का, तुझे वडील स्वतः ह्या विषयाचा अर्धा सिलॅबस आहेत. जॉबर म्हणजे काय, मालकाचं खाली सांगायचं, विणकरांचं वर सांगायचं, आणि दोन्हीकडं जाताना थोडं थोडं गाळायचं. मालक म्हणाला ‘उद्या लूम बंद दिसला तर घरी बसवतो एकेकाला’ तर जॉबर खाली येऊन म्हणतो ‘जरा बघून घ्या बाबांनो, शेठ तापलेत’. हे जे गाळणं आहे ना, ह्यावर लोकांनी पीएचड्या केल्यात.

आता एक प्रसंग सांगते, माझ्या नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षातला. टेरी टॉवेलचा एक्स्पोर्टचा लॉट होता. डाइंगहून, म्हणजे रंगाईतून, दोन बॅच आल्या, दोन्हीत शेडचा बारीक फरक. ट्यूबलाइटखाली काही कळत नव्हतं, पण दारात उन्हात धरला की स्पष्ट दिसायचं. फोल्डिंग खात्यातल्या एक अक्का दारापाशी बसायच्या, घड्या घालायला. माल गेला, तिकडून तक्रार आली, पैसे कापले गेले, मग इथं एकच गोंधळ. क्वालिटीवाल्याला झापलं, नवीन रजिस्टर आलं, रोज तीन सह्या. मी तेव्हा नवी होते, मला काही काम नव्हतं म्हणून अक्कांशेजारी जाऊन बसले आणि असंच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दिसलं होतं की. पण मागच्या टायमाला सांगितलं तर सुपरवायझर म्हणले, तू घड्या घाल.’ झालं, एवढंच. रजिस्टरमध्ये पुढं सहा महिने नुसतं ओके, ओके, ओके लिहिलेलं मी बघितलंय, शेवटी शेवटी तर सोमवारीच आख्ख्या आठवड्याच्या सह्या व्हायच्या.

तेव्हा मला वाटलेलं की हे आपल्या सोलापूरचंच आहे, कारखान्याचंच आहे, शिकलेल्या लोकांत असं नसणार. मग खूप वर्षांनी ह्या विषयाचं वाचायला लागले तेव्हा अमेरिकेच्या नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचं प्रकरण नीट कळलं. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. कारण बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबराची ओ-रिंग, थंडीत ती कडक होते आणि फट नीट बंद करत नाही. आणि ह्यातलं काहीच नवीन नव्हतं! आदल्या रात्री टेलिकॉन्फरन्स झालेली, रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलेलं की ५३ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या, खाली उडवू नका. नासाकडच्या लोकांना ते रुचलं नाही. मग कंपनीच्या साहेब लोकांनी लाइन म्यूट करून अर्धा तास आपापसात बोलून घेतलं आणि परत येऊन सांगितलं, उडवा. माहिती होती, आकडे होते, सांगणारी माणसं होती आणि ती चांगली इंग्रजी बोलणारी होती बरं का. तरी अक्कांचं जे झालं तेच त्यांचं झालं. जगभर जिथं हा विषय शिकवतात तिथं हे प्रकरण शिकवतातच. तू वर्गात ते शिकशील तेव्हा फोल्डिंग खात्यातल्या ह्या अक्का आठवून बघ.

विषय कुठून आला हेही थोडक्यात सांगते म्हणजे आपल्याकडं तो सापडत का नाही ते कळेल. अमेरिकेत भाषण शिकवणाऱ्या १७ मास्तरांनी १९१४ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांपासून वेगळी चूल मांडली, त्यांची स्वतःची संघटना काढली, त्यातून पुढं स्पीच आणि मग कम्युनिकेशन अशी स्वतंत्र डिपार्टमेंटं तिकडं उभी राहिली. दुसरीकडून कारखान्यांचा अभ्यास आला. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग बीकॉमला एका पानात उरकतात, उजेड वाढवला, कमी केला, उत्पादन वाढलं, संपलं. पण त्यातला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. १९२८ ते १९३० ह्या काळात तिथं वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आधी ठरलेले प्रश्न विचारत होते, लोक हो-नाही करून मोकळे व्हायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्रश्न बाजूला ठेवा, त्याला जे बोलायचंय ते बोलू द्या. मुलाखती लांबल्या, लोक घरचं, मुकादमाचं, संडासाचं, सगळं बोलायला लागले. तू उद्या फील्डवर्कला जाशील तेव्हा पहिल्या दिवशी तीच चूक करशील, मीही केलेली, छापील प्रश्नावली घेऊन गेले होते आणि सगळ्यांनी ‘समाधानी’वर टिक केलं.

आपल्याकडं तशी स्वतंत्र चूल झाली नाही. विषयाचे तुकडे वाटले गेले. एक तुकडा एमबीएत गेला, ऑर्गनायझेशनल बिहेव्हिअर आणि बिझनेस कम्युनिकेशन म्हणून. एक मास कॉममध्ये गेला, पब्लिक रिलेशन्स आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशन म्हणून. एक एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची मास्टर्स, आणि पर्सोनेल मॅनेजमेंटवाल्यांकडं. त्यामुळं डिग्रीवर हे नाव शोधत बसू नकोस, क्वचितच सापडेल, आणि नाव असलं तरी आत काय असेल सांगता येत नाही. पेपर बघ. सिलॅबसची पीडीएफ उतरव आणि रिसर्च मेथडॉलॉजी कोण शिकवतं, डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या प्रबंधाला, खरोखर बाहेर पाठवतात का गुगलवरून फॉर्म फिरवून घेतात, लिहिलेलं तपासून लाल पेनानं परत देतात का, हे सीनिअर पोरांना विचार. नव्या शैक्षणिक धोरणात पीजीच्या पहिल्या वर्षाला रिसर्च मेथडॉलॉजी आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी ट्रेनिंग, आलंय, ते नुसतं सर्टिफिकेट आणून उरकणारं कॉलेज असेल तर तिथली फी म्हणजे सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकलेले पैसे.

एमबीए की मास कॉम, तर तुझ्यापुरतं माझं मत असं. माणसांच्या आत, कारखान्यात, ऑफिसात बसून काम करायचं असेल तर एमबीए एचआर घे आणि प्रोजेक्ट कम्युनिकेशनवर कर. लिहायची खाज असेल, बातमी, प्रेसनोट, व्हिडिओ, हे जमत असेल तर मास कॉम. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात मास कम्युनिकेशनचा विभाग आहे. पुण्याला पत्रकारितेचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, नाव मोठं, ओळखी मोठ्या, ते खोटं नाही. पण पुण्यात तुला फील्ड कोण देणार? कुठल्या कंपनीचं गेट तुझ्यासाठी उघडणार? इथं तुझे वडील एक फोन करतील आणि तुला तीन कारखान्यांत बसायला मिळेल. म्हणून मी तर म्हणते डिग्री इथं कर, इंटर्नशिपला पुण्याला जा. हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की चार तासांत पुणं, लांब काही नाही.

आता नोटीसचा किस्सा, कारण इंग्रजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. २०२१ मध्ये पीएफवाल्यांनी यूएएनला, म्हणजे कामगाराच्या पीएफच्या नंबराला, आधार जोडणं सक्तीचं केलं. आधार जोडलेलं नसेल तर त्या कामगाराचा भरणाच होत नव्हता. एका कारखान्यात ऑफिसच्या दाराला नोटीस लागली:

‘सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, ज्या कर्मचाऱ्यांचे यूएएन आधार क्रमांकाशी संलग्न नाहीत त्यांनी तात्काळ आवश्यक त्या कागदपत्रांसह आस्थापना विभागाशी संपर्क साधावा, अन्यथा होणाऱ्या परिणामांस सदर कर्मचारी स्वतः जबाबदार राहतील.’

तीन दिवसांत अख्ख्या कारखान्यात बोंब, पीएफ बंद होणार. काही जण तर पैसे काढून घ्यायचे फॉर्म विचारायला लागले. मला बोलावलं. मी आधी नोटीस बघितलीच नाही, गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर तासभर बसले. निम्मे लोक आपसात तेलुगू बोलत होते, दोघं-तिघं कन्नड, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘परिणाम’. आख्ख्या नोटिशीतून तेवढा एकच शब्द पोचला होता. मग दुसरी नोटीस केली:

‘तुमचा पीएफ बंद होणार नाही. फक्त आधार जोडायचं राहिलंय. खाली यादीत नाव असेल तर आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन पगाराच्या खिडकीवर या. शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास खिडकी उघडी राहील. पैसे लागत नाहीत.’

हेच खाली तेलुगूत, ऑफिसातल्याच एका क्लार्कनं लिहून दिलं. ऑफिसच्या दारावरून काढून पंचिंग मशीनशेजारी लावलं, कारण ऑफिसच्या दारात कामगार थांबतच नाही, थांबला तर काहीतरी भानगड आहे असं बाकीच्यांना वाटतं. आणि लावायच्या आधी सगळ्या जॉबरांना बोलावून दहा मिनिटं तोंडी सांगितलं, त्यांना प्रश्न विचारू दिले. आठवड्यात यादी जवळजवळ संपली.

ह्यात थिअरी आहे बरं का. पहिली ओळ भीतीला उत्तर देते, सूचना दुसऱ्या ओळीपासून सुरू होते. कोरडी माहिती कागदावर चालते पण जिथं गैरसमज होऊ शकतो, भीती आहे, तिथं समोरासमोर बोलावं लागतं, हे डॅफ्ट आणि लेंगेल ह्या दोघांनी ऐंशीच्या दशकात मीडिया रिचनेस म्हणून मांडलं, परीक्षेला हमखास येतं. आणि कीथ डेव्हिस नावाच्या माणसानं १९५३ मध्ये कंपनीतल्या कुजबुजीचा अभ्यास करून दाखवलं की ऐकणारे पुष्कळ असतात पण पुढं सांगणारे थोडेच. आमच्या त्या कारखान्यात ते दोघं होते, एक चहा आणणारा पोऱ्या आणि एक कांड्या भरणाऱ्या मावशी. मी पुढच्या वेळेपासून मावशींना आधी सांगायला लागले, मग मावशी आणि मी दोघीही खूश.

तर इंग्रजी. लागतं, खोटं कशाला बोलू. थिअरी इंग्रजीत आहे, पुण्यात नोकरीला मेल इंग्रजीत लिहायचे असतात. पण ते दोन वर्षांत होतं, रोज एक पान वाच आणि त्याचं पाच ओळींत मराठीत लिही, मग त्या पाच ओळी इंग्रजीत कर. ज्याला मराठीत पाच ओळींत सांगता येत नाही त्याचं इंग्रजी कितीही फाडफाड असलं तरी त्याचे मेल कुणी वाचत नाही, मी असले मेल वर्षानुवर्षं दुरुस्त केलेत. तुझ्याकडं तेलुगू आहे, मराठी आहे, सोलापूरची म्हणजे थोडं कन्नड आणि दखनी कानावर असणारच. हे तू अर्जात लिहीत नसशील, लाज वाटत असेल. ठळक लिही. आता हेच बघ, महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती, २०१३ च्या कायद्यानं तिची माहिती कामाच्या ठिकाणी दिसेल अशी लावावी लागते. इंग्रजी पोस्टर छापून लावणारे शंभर मिळतात, फोल्डिंगमधल्या बाईला तेलुगूत समजावून सांगणारी मिळत नाही. आणि पुण्यापलीकडं एक हैदराबाद पण आहे हे सोलापूरची पोरं विसरतात. मराठी-तेलुगू-इंग्रजी अशी एचआरमधली मुलगी तिकडं कमी किमतीची नाही.

एका गोष्टीपासून सावध राहा. कम्युनिकेशन म्हणून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट विकणारे फार झालेत. ब्लेझर घालून येतात, शेकहँड कसा करायचा शिकवतात, आणि पहिल्याच स्लाइडवर असतं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाज ३८, देहबोली ५५. हे ऐकलं की समजून जा, ह्यानं मूळ वाचलेलं नाही. मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे प्रयोग आहेत ते, सुटे सुटे शब्द आणि चेहऱ्याचे फोटो वापरून, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याच्या भावना आवडी-नावडीच्या बाबतीत माणूस कशावरून ओळखतो, शब्द आणि सूर जुळत नसतील तेव्हा. त्याचा अर्थ शब्द ७ टक्केच असा होत असता तर मी त्या नोटिशीसमोर नाचून दाखवलं असतं की पीएफचं.

डिझर्टेशनला विषय आत्तापासून डोक्यात घोळव. आपल्या जिल्ह्यात ह्याची खाण आहे. साखर कारखान्याचंच घे. उसाची नोंद झाली, तोड कधी येणार हे शेतकऱ्याला कळतं कसं? चिटबॉयकडून. चिटबॉय म्हणजे कारखान्याच्या उतरंडीत सगळ्यात खालचा माणूस, पण हंगामात त्याच्या दारात जीपगाड्या उभ्या असतात, कारण माहिती त्याच्या खिशात. आता कारखान्यांनी मेसेज सुरू केले तर चिटबॉयचं वजन कमी झालं का, का लोक मेसेज आला तरी त्यालाच फोन करतात? एक वर्ष पुरेल एवढं काम आहे. किंवा आशाताईंचे व्हॉट्सॲप ग्रुप बघ, रात्री साडेदहाला येणारे आदेश, त्यावर सगळ्यांचे अंगठे, आणि सकाळी कुणालाच नक्की काय करायचंय ते माहीत नसतं. किंवा आषाढीला पंढरपूरला महसूल, पोलिस, आरोग्य, नगरपालिका एवढी सगळी खाती एकत्र येतात, त्यांच्यात निरोप कसा फिरतो. काहीही घे पण ‘अ स्टडी ऑफ कम्युनिकेशन स्किल्स अमंग स्टुडंट्स’ घेऊ नकोस, प्रत्येक कॉलेजच्या कपाटात त्याचे गठ्ठे आहेत.

नोकरीचं खरं चित्र सांगते. सोलापुरात कम्युनिकेशन ऑफिसर अशी पाटी फारशी दिसणार नाही. एचआर, ॲडमिन, हॉस्पिटलचं पेशंट रिलेशन, सहकारी बँक, एखादी संस्था, अशा टेबलावर बसून तू हे काम करशील आणि पहिली दोन-तीन वर्षं पगार बघून रडू येईल. सरकारीत जायचं तर माहिती खात्यातली पदं आहेत, त्याला पत्रकारितेची पदवी-पदविका लागते, म्हणजे तिथं मास कॉम कामाला येतं, एमबीए नाही. पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत इंटर्नल कम्युनिकेशनच्या टीम असतात, तिथं तीन वर्षांचा अनुभव घेऊन जा, फ्रेशर म्हणून गेलीस तर वाढदिवसाची पोस्टरं बनवायला लावतात. आणि एक अवघड गोष्ट म्हणजे तुला कधीतरी वाईट बातमी गोड करून लिहायला सांगतील. मला सांगितलेलं, माणसं कमी करायची होती आणि मेलमध्ये ‘नव्या संधींकडं वाटचाल’ लिहायचं होतं. मी नाही म्हणाले नाही, लिहिलं, तेव्हा घराचा हप्ता होता. फक्त भांडून एवढं करून घेतलं की मेल जायच्या आधी प्रत्येकाला त्याच्या साहेबानं समोर बसवून सांगायचं. त्यातल्या दोघांनी नंतर फोन करून शिव्या दिल्या, त्या बरोबरच होत्या.

वडिलांना अजून पटत नसेल तर त्यांना एवढंच विचार की गेल्या महिन्यात मालकाला काय सांगायचं होतं आणि नाही सांगितलं. ते हसतील, सांगणार नाहीत कदाचित. सांगितलं तर तिथंच वहीत लिहून ठेव, तारीख घालून.

आणि लॅपटॉप. पहिलं वर्ष नसला तरी चालतं, कॉलेजची लॅब असते. एक जाड वही घे आणि मोबाइलवर मराठी टायपिंग नीट शिकून घे. मुलाखत रेकॉर्ड करायची तर आधी विचारायचं, समोरच्यालाही आणि मालकालाही, आणि वहीत खरी नावं लिहायची नाहीत, नुसतं ‘फोल्डिंग १’, ‘फोल्डिंग २’ असं लिही, कारण सुपरवायझर वही मागून बघतात.